भिंतीवर ब्लूमचा पिरॅमिड आणि वहीत अडलेली वजाबाकी

वाचकाचा प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षिका ११ वर्षं शिकवत आहेत. तिसरी-चौथी त्यांच्याकडे, दोन्ही मिळून पट १७. नोकरी सांभाळून त्या शिक्षणशास्त्रात एम.ए. करतात आणि कृतिसंशोधनाचा (स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवरच्या संशोधनाचा) अहवाल त्यांना फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे. एका प्रशिक्षणात त्यांना अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचं शिकण्याच्या उद्दिष्टांचं वर्गीकरण म्हणून सहा पायऱ्यांचा पिरॅमिड दाखवला गेला आणि प्रत्येक पाठ 'स्मरणा'पासून 'सर्जना'पर्यंत चढलाच पाहिजे असं सांगितलं गेलं. त्यांनी तो पदरच्या पैशांनी शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतला आणि गेलं वर्षभर तसेच पाठ घेतले. मुलं पोस्टर करतात, नाटुकली बसवतात. पण १७ पैकी ९ जणांना अजून हातच्याची वजाबाकी जमत नाही. मार्गदर्शक म्हणतात, ज्याच्या संशोधनाचे सगळ्यांत जास्त संदर्भ दिले जातात त्याचाच आधार घ्या. बाई विचारतात, "एवढ्या मोठ्या माणसाचं संशोधन चुकीचं कसं असेल? म्हणजे मीच कमी पडते, की आमच्या मुलांचा वकूबच तेवढा? ब्लूम सोडून दुसरा कुणी घेऊ का? आणि भिंतीवरच्या त्या चित्राचं काय करू?"

उत्तर :

ताई, तुम्ही दोनच शक्यता मांडल्या आहेत : एक तर तुम्ही कमी पडता, नाहीतर मुलं. तिसरी शक्यता पत्रात कुठेच नाही आणि मला तीच खरी वाटते. तुमच्या हातात दिलेलं साधन चांगलं आहे, पण ते घडवलं गेलं वेगळ्याच कामासाठी. विळी कितीही धारेची असली तरी तिनं लाकूड फुटत नाही. ब्लूम यांच्याकडे कुऱ्हाडही होती. ती तुमच्यापर्यंत कुणी पोचवली नाही, एवढंच.

हे वर्गीकरण कुठून आलं ते आधी पाहू. ब्लूम शिकागो विद्यापीठाच्या परीक्षा मंडळात होते. १९४८ मध्ये बोस्टनला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचं अधिवेशन भरलं, तेव्हा निरनिराळ्या महाविद्यालयांचे परीक्षक अनौपचारिकपणे एकत्र बसले. त्यांची अडचण व्यवहारातली होती. एक जण ज्याला 'आकलन' म्हणे ते दुसऱ्याच्या लेखी निव्वळ पाठांतर असू शकत होतं. सगळ्यांची भाषा एक झाली तर प्रश्नांची देवाणघेवाण करता येईल, म्हणून उद्दिष्टांची सामाईक यादी करायचं ठरलं. त्यातून १९५६ चं पुस्तक निघालं आणि त्यात सहा वर्ग आले : ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. मूल कसं शिकतं हे तपासणारा प्रयोग त्या पुस्तकात नाही. पिरॅमिडचं चित्रही नाही. ते मागाहून इतरांनी काढलं. भिंतीवरचं 'सर्जन' तर २००१ च्या सुधारित आवृत्तीतलं आहे. ती अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी केली आणि तिच्यात वरच्या दोन वर्गांची अदलाबदल झाली.

या वर्गीकरणाशी आपलं नातं जुनं आहे. १९५७ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या वतीनं ब्लूम भारतात आले आणि त्यांनी मूल्यमापनावर कार्यशाळा घेतल्या. आपल्याकडच्या परीक्षा सुधारणांवर त्यांचा खोल ठसा उमटला. डी.एड.ला तुम्ही पाठाच्या टाचणात 'ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य' असे रकाने भरले असतील, प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता (कोणत्या उद्दिष्टाला किती गुण याचा आराखडा) आखला असेल, तेव्हा तुम्ही त्याच परंपरेत काम करत होता. म्हणजे ब्लूम तुम्हाला नवे नाहीत. नवीन आहे तो फक्त 'प्रत्येक पाठात सहाही पायऱ्या चढा' हा आग्रह, आणि तो ब्लूम यांचा नाही.

पायऱ्यांची कल्पनाही जरा तपासून घ्या. १९५६ च्या गटाची धारणा अशी होती की वरचा वर्ग खालच्या वर्गांना पोटात घेतो. नंतरच्या तपासण्यांत ही उतरंड, विशेषतः वरच्या टोकाला, तितकी पक्की ठरली नाही, आणि २००१ च्या आवृत्तीनं ती सैल केली. तुमच्या वर्गातच याचा दाखला बसलेला असेल. कोळ्याघरच्या एखाद्या मुलाला विचारा, आज पूर्ण भरती किती वाजता? तो तिथीची पाऊणपट करून सांगेल : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हे सरळ 'उपयोजन' झालं. पण भरती म्हणजे काय याची पुस्तकी व्याख्या त्याला येईलच असं नाही, आणि रोज भरती सुमारे ५० मिनिटांनी पुढे का सरकते हेही तो सांगू शकणार नाही. तो तळापासून वर चढलेला नाही; मधूनच आत शिरला आहे. उलट अंगानंही पाहा. पूजा अग्रवाल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्यांनी नुसत्या तपशिलाच्या प्रश्नांचा सराव केला, त्यांना वरच्या पातळीच्या प्रश्नांत त्याचा फायदा झाला नाही. ज्यांनी वरच्या पातळीच्या किंवा मिश्र प्रश्नांचा सराव केला त्यांना झाला. म्हणून 'आधी सगळा पाया, मग विचार' हेही तितकंसं खरं नाही. छोट्या चाचणीत दोन्ही प्रकारचे प्रश्न असावेत. फक्त ते एकाच घटकातले असावेत. वजाबाकी येत नसताना वजाबाकीचं पोस्टर करून घेतलं, तर मूल पोस्टर करायला शिकतं.

आता संदर्भांच्या संख्येबद्दल. मार्गदर्शकांचा हेतू चांगला आहे. कुणाचंही काहीही उचलून अहवाल लिहिला जाऊ नये, ही त्यांची काळजी रास्त आहे. पण लेखाचा उल्लेख झाला म्हणजे तो पटला, असं होत नाही. कुणी प्रस्तावनेत रीत म्हणून नाव घेतं, कुणी त्यातली पद्धत वापरतं, कुणी तो खोडून काढायला घेतं. मोजणीत तिघांचाही एकेकच धरला जातो. १९५६ च्या पुस्तकाची वीसहून अधिक भाषांत भाषांतरं झाली आणि त्याचे उल्लेख अफाट आहेत. तरी अमेरिकी शिक्षणात सर्वाधिक उल्लेखलं जाणारं आणि सर्वांत कमी वाचलं जाणारं पुस्तक अशी त्याची गत झाली आहे, असं खुद्द ब्लूम यांनीच पुढे म्हटलं. ताई, हे मार्गदर्शकांना जरूर सांगा.

खूप गाजलेला निष्कर्ष पुढे कसा बदलतो, याचंही उदाहरण ब्लूम यांच्याच कामात सापडतं. १९८४ मध्ये त्यांनी 'दोन सिग्मा'चा प्रश्न मांडला (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन : मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप). त्यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून असं दिसलं होतं, की एका मुलामागे एक शिक्षक देऊन शिकवलं तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. हा आकडा जगभर फिरला आणि आजही शिकवणीच्या जाहिरातींत डोकावतो. पण ते प्रयोग जेमतेम तीन आठवड्यांचे होते. एकेकट्याला शिक्षक मिळालेल्या मुलांना पुढच्या घटकाकडे जाण्यासाठी ९० टक्क्यांची अट होती, तर 'घटक पक्का झाल्यावरच पुढे' याच पद्धतीनं वर्गात शिकणाऱ्यांना ८० टक्क्यांची. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वैयक्तिक शिकवणीचा परिणाम दोन प्रमाण विचलनांऐवजी ०.७९ निघाला. हाही मोठाच आहे : शंभरात मधोमध असलेलं मूल साधारण ७८-७९ व्या जागी पोचेल इतका. पण ९८ आणि ७८ यांत फरक आहे, आणि फक्त १९८४ चा लेख उल्लेखून थांबणाऱ्याला तो कळत नाही.

तुमच्या ९ मुलांच्या कामाचं म्हणजे १९६८ मधलं. त्या वर्षी ब्लूम यांनी प्रभुत्व अध्ययनाची मांडणी केली. तिचं बीज जॉन कॅरॉल यांच्या १९६३ च्या विचारात आहे. कॅरॉल म्हणाले, अभिक्षमता म्हणजे मुलाची उंची ठरवणारी मर्यादा मानू नका; ती म्हणजे एखादी गोष्ट शिकायला त्या मुलाला लागणारा वेळ. तुमच्या 'वकूबा'च्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. शाळेत वेळ सगळ्यांना सारखा दिला जातो, म्हणून शिकणं कमीजास्त होतं. ब्लूम यांनी हे उलटवायचं ठरवलं. शिकणं सगळ्यांचं ठरावीक पातळीपर्यंत न्यायचं आणि वेळ ज्याला जसा लागेल तसा द्यायचा. त्यासाठी घटकाच्या मध्ये छोटी चाचणी, तिच्यावरून उपचार (ज्यांचं राहिलं त्यांना वेगळ्या रीतीनं पुन्हा शिकवणं), मग दुसरी चाचणी. तुम्ही नोंदवहीत 'आकारिक' (शिकवता शिकवता केलेलं मूल्यमापन) आणि 'संकलित' (सत्राअखेरचं) असे जे दोन भाग भरता, त्या भेदाला वर्गापर्यंत आणणाऱ्यांत ब्लूम अग्रभागी होते; १९७१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी यावरच जाडजूड ग्रंथ लिहिला. आज तुमच्या शाळेत आकारिकच्या नोंदी बहुधा सत्र संपताना बसून भरल्या जातात. त्यांचा मूळ उपयोग मात्र परवाच्या तासाला काय करायचं हे ठरवण्यासाठी आहे.

याला पुरावा किती? जेम्स आणि चेन-लिन कुलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९० मध्ये १०८ नियंत्रित अभ्यास तपासले. सरासरी परिणाम साधारण अर्ध्या प्रमाण विचलनाचा, आणि मागे राहिलेल्या मुलांना फायदा जास्त. आक्षेपही नोंदवायला हवा. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की हा फायदा शिकवलेल्याच घटकावरच्या चाचण्यांत दिसतो. बाहेरच्या प्रमाणित परीक्षांत तो जवळजवळ विरतो. म्हणून ही पद्धत वापरल्यानं पायाभूत चाचणीत शाळा तालुक्यात वर येईल अशी आशा धरू नका. ९ मुलांना वजाबाकी येईल, ही आशा मात्र रास्त आहे.

आता प्रत्यक्ष काम. एका घटकाला १० शाळेचे दिवस धरा. याहून लांब घटक घेतला तर चाचणी होईपर्यंत चुका मुरतात. पहिले ६ दिवस शिकवणं, सातव्या दिवशी पहिली चाचणी, आठवा-नववा उपचार आणि समृद्धीकरण (ज्यांना जमलं त्यांना त्याच घटकातलं खोलातलं काम), दहाव्या दिवशी दुसरी चाचणी.

पहिली चाचणी १० गणितांची, २० मिनिटांची. २ गणितं बिनहातच्याची, ३ दोन अंकी हातच्याची, ३ तीन अंकी आणि त्यांतली २ मधे शून्य असलेली, २ शाब्दिक. शाब्दिक उदाहरण मुलांच्या घरातलं असू द्या : पाच डझनांच्या पेटीत १७ आंबे डागी निघाले, तर चांगले किती? ही निदानात्मक चाचणी आहे, तिला गुण द्यायचे नाहीत. ८ बरोबर म्हणजे प्रभुत्व, पण नुसती बेरीज पाहू नका. ज्याची चुकलेली दोन्ही गणितं शून्याची आहेत, त्याला ८ मिळाले तरी शून्यापुरता उपचार हवाच.

या चाचणीचं खरं मोल चुकांच्या जातीत आहे. ५२ वजा २८ चं उत्तर एखादं मूल ३६ लिहितं. त्यानं प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा केला; वर कोणता आणि खाली कोणता याकडे पाहिलंच नाही. दुसरं मूल ३४ लिहितं. त्यानं दशक घेतला, २ चे १२ केले, पण डावीकडचे ५ तसेच ठेवले. तिसऱ्याचं ५२ वजा २८ बरोबर २४ येतं, पण ५०३ वजा २६७ पाशी ते अडतं, कारण दशकाच्या घरात मोडायला काही नसतं आणि शतकापर्यंत जायचं त्याला सुचत नाही. तिघांनाही 'वजाबाकी येत नाही' हे एकच लेबल लावलं, की तिघांनाही एकच उपचार मिळतो आणि तो फार तर एकाला लागू पडतो. तुमच्या ९ वह्या उघडा आणि या तीन जातींत विभागा. बहुतेक मुलं एकेका जातीत सरळ बसतील. जी बसणार नाहीत, त्यांना जवळ घेऊन मोठ्यानं बोलत गणित सोडवायला सांगा. दोन मिनिटांत कळतं.

उपचारात सगळ्यांत मोठी चूक होते ती अशी : तेच स्पष्टीकरण, तोच फळा, फक्त जास्त सावकाश आणि जास्त मोठ्यानं. ज्या वाटेनं पोचता आलं नाही, त्याच वाटेनं पुन्हा नेलं जातं. मार्ग बदला. माडाच्या हिरांचे बोटभर तुकडे करा, दहा-दहांच्या जुड्या रबर लावून बांधा, दहा जुड्यांचा एक भारा करा. पहिल्या जातीच्या मुलासमोर ५ जुड्या आणि २ सुटे हीर ठेवून '८ सुटे काढून दे' म्हणा. दोनांतून आठ निघत नाहीत हे हाताला कळतं, आणि रबर सोडण्याची गरज त्यालाच वाटते. दुसऱ्या जातीच्या मुलाला हीर देऊन भागत नाही, कारण हातानं ते बरोबर करतं आणि लिहिताना चुकतं. त्याच्याकडून प्रत्येक वेळी जुडी सोडली, की लगेच, त्याच क्षणी, वहीतले ५ खोडून ४ लिहून घ्या. कृती आणि लिखाण यांत अंतर पडू देऊ नका. तिसऱ्यासाठी ५ भारे आणि ३ सुटे हीर : एक भारा सोडा, १० जुड्या झाल्या, त्यांतली एक सोडा, ९ उरल्या आणि सुटे १३. हे तीन-चार वेळा केलं, की ५०३ म्हणजे ४ शतक, ९ दशक, १३ एकक हे तो स्वतः सांगतो. मग हीर बाजूला ठेवून चित्र, मग फक्त अंक. हीर कायमचे हातात राहिले तर दुसरी पंचाईत होते. परीक्षेत ते नसतात.

या दोन दिवसांत उरलेली ८ मुलं काय करणार? त्यांना पुढचा धडा देऊ नका, नाहीतर दोन शाळा होतील. आणि रोज 'तू त्याला शिकव' असंही नको. कधीमधी ठीक, पण ते मूलही शिकायलाच आलेलं आहे. त्यांना त्याच घटकात खोल न्या. 'उत्तर २३६ येईल अशा तीन वजाबाक्या तयार करा, एकीत वरच्या संख्येत मधे शून्य हवं.' 'या पाच सोडवलेल्या गणितांत दोन चुकीची आहेत. कुठे चुकलं ते एका वाक्यात लिहा.' ताई, पहिलं काम 'सर्जन' आहे, दुसरं 'विश्लेषण'. ब्लूम यांचं वर्गीकरण इथे नीट उपयोगी पडतं. एका विषयावर वेगवेगळ्या खोलीचे प्रश्न काढायला मदत करणारी ती यादी आहे, आणि ती याच कामासाठी तयार झाली होती.

दुसरी चाचणी पहिलीसारखीच, पण अंक बदललेले. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली तर मुलं उत्तरं आठवून लिहितात आणि तुमची समजूत होते की जमलं. दुसऱ्या चाचणीनंतरही एक-दोन मुलं राहतील. त्यांच्यासाठी घटक थांबवू नका. पुढे जा आणि त्यांना आठवड्यातून दोनदा १५-१५ मिनिटं द्या. या पद्धतीत सुरुवातीला दहा ते वीस टक्के जादा वेळ लागतो. तो अभ्यासक्रमातून कुठून काढायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. सहाही पायऱ्यांसाठी प्रत्येक पाठाला जो प्रकल्प होतो, त्यातला निम्मा वेळ इकडे वळवा.

कोकणातलं वेळापत्रक यात धरलंच पाहिजे. जुलैत खाडीला पूर आला की पट निम्म्यावर येतो. त्या आठवड्यात नवा घटक सुरू करू नका; जुन्याचा सराव घ्या. गौरी-गणपतीच्या सुट्टीआधी एक घटक दुसऱ्या चाचणीसकट संपवा आणि सुट्टीहून आल्यावर पहिल्या तासाला त्यावरचेच ५ प्रश्न द्या, आधी उजळणी न घेता. आठवायचा प्रयत्न करणं हाच पक्कं करण्याचा एक मार्ग आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवला, आणि एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. लगेच पाच मिनिटांनी मोजलं तेव्हा मात्र पुन्हा वाचणारे पुढे होते. म्हणून त्याच दिवशीच्या चाचणीवर भिस्त ठेवू नका. शिमग्याच्या आसपासही असंच. पालखी घरोघर फिरत असताना वर्गात कोण असेल याचा भरवसा नसतो, म्हणून अहवालाची शेवटची मोजणी त्याआधी आटपा.

अहवालाचं सांगते. १७ मुलांवरून 'सिद्ध झालं' असं लिहू नका. पण थोडी आखणी केली तर १७ मुलंही बरंच सांगतात. दोन्ही इयत्तांची पूर्वचाचणी एकाच दिवशी घ्या. तिसरीत पद्धत आज सुरू करा, चौथीत तीन आठवड्यांनी. मधल्या काळात तिसरी वर गेली आणि चौथी जागेवर राहिली, आणि नंतर चौथीही वर गेली, तर 'मुलं वयानं मोठी झाली म्हणून सुधारली' ही शंका बरीचशी दूर होते. प्रत्येक मुलाच्या चारच नोंदी ठेवा (चौथीच्या मुलांची पद्धत सुरू होताना अंक बदलून घेतलेली एक जादा) : पूर्वचाचणी, पहिली, दुसरी, आणि चार आठवड्यांनंतरची. सरासरीपेक्षा चुकांच्या जातींचा तक्ता द्या : सुरुवातीला कोणत्या जातीत किती मुलं, शेवटी किती. मार्गदर्शकांना तो आवडेल, कारण त्यात मुलं दिसतात. गैरहजेरीचा रकाना विसरू नका. मच्छीमारीच्या हंगामात जी मुलं चार दिवस आलीच नाहीत, त्यांचा निकाल पद्धतीच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं होईल.

संदर्भ देताना एवढं सांभाळा. प्रश्नांच्या पातळ्या ठरवल्या तिथे १९५६ किंवा २००१. चाचणी-उपचार-पुनर्चाचणीसाठी १९६८, आणि त्याच्या शेजारी कुलिक व स्लाव्हिन, दोघंही. 'मुलं या क्रमानं शिकतात' या विधानाला १९५६ चा आधार देऊ नका, तो तिथे नाही. दुसऱ्या कुठल्याही नावाची पारख अशीच करता येईल. गूगल स्कॉलरवर (संशोधनलेख शोधायच्या संकेतस्थळावर) लेखाखाली किती ठिकाणी उल्लेख झाला तो आकडा असतो. त्यावर टिचकी मारली की उल्लेख करणारे लेख उघडतात आणि फक्त त्यांच्यातच शोध घेण्याची चौकट मिळते. तिथे इंग्रजीत 'मेटा-अ‍ॅनालिसिस' आणि 'क्रिटिक' असे दोन शब्द आळीपाळीनं टाका; पहिल्यानं अनेक अभ्यासांची एकत्र तपासणी सापडते, दुसऱ्यानं टीका. पहिल्या पानावरचे सारांश वाचायला एक संध्याकाळ पुरते. डी.एल.एड., बी.एड. करणाऱ्यांनी आणि शिकवणीच्या जाहिराती पाहून गोंधळलेल्या पालकांनीही एवढं केलं, तरी आकड्यामागे काय आहे ते कळेल.

म्हणून ब्लूम सोडायची गरज मला वाटत नाही. स्वेलर, ब्रूनर, ऑसुबेल या शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांपैकी कुणीही घेतलं तरी हीच पारख करावी लागेल, आणि फेब्रुवारीपर्यंत नवा माणूस नीट वाचून होणार नाही. केंद्रप्रमुखांनी सहा पायऱ्यांबद्दल विचारलं, तर घटकाची चाचणी आणि समृद्धीकरणाची कामं पुढे ठेवा. सहाही पातळ्या त्यांत दाखवता येतात, फक्त एका पाठात न बसता १० दिवसांच्या घटकात पसरलेल्या असतात. शिक्षण परिषदेत चुकांच्या तीन जातींचा तक्ता मांडा. शेजारच्या शाळांतही तीच मुलं आहेत.

भिंतीवरचं चित्र पुसू नका; पैसे तुमचे गेले आहेत आणि शब्द उपयोगी आहेत. त्याचं टोक आणि पाया यांना फार मान देऊ नका, इतकंच. प्रत्येक पट्ट्याशेजारी एक खिळा ठोका आणि चालू घटकाचा एकेक प्रश्न कार्डावर लिहून अडकवा. भरती-ओहोटीचा घटक असेल तेव्हा : दिवसात भरती किती वेळा येते? रोज ती उशिरा का येते? आज अकराला असेल तर परवा साधारण किती वाजता? उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीत काय फरक? तिसऱ्या (शिंपल्या) वेचायला अष्टमी बरी की अमावास्या, आणि का? आपल्या वाडीसाठी पुढच्या आठवड्याचा भरतीचा तक्ता तयार करा. मुलांना हवं ते कार्ड आधी काढू द्या. कोळ्याघरचा तो मुलगा तिसरं कार्ड आधी काढेल. काढू द्या, आणि त्याचं उत्तर ऐकून झालं की त्यालाच दुसरं कार्ड द्या.